पलटणीचा फॅमिली डॉक्टर

(नौपाडा, ठाणे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नौपाड्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना जुना दवाखाना निश्चित आठवत असेल. गोखले रस्त्यावरच्या किंवा राम मारुती रस्त्यावरच्या एखाद्या दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत लाकडी बाके आणि जाळीच्या खिडकीआड कंपाउंडर. घरून धुऊन आणलेली बाटली त्याच्यापुढे ठेवायची. तो तिच्यात गुलाबी मिश्रण भरायचा आणि मात्रांच्या खाचा पाडलेली कागदाची पट्टी डिंकाने चिकटवून द्यायचा. आतल्या खोलीतल्या डॉक्टरांना त्या घरातल्या तीन पिढ्यांची प्रकृती पाठ असे. आजोबांचा दमा थंडीमुळे वाढला आहे की परगावच्या मुलाचे पत्र न आल्यामुळे, हे त्यांना नाडी हातात घेण्यापूर्वीच उमगत असे. फीचे पैसे कोणाकडे महिनाअखेरीस मागायचे नाहीत, हेही त्यांना ठाऊक असे.

असे दवाखाने आता हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच उरले. त्यांच्या जागी तज्ज्ञ आले. गुडघ्याचा वेगळा, पोटाचा वेगळा, साखरेचा वेगळा. तज्ज्ञांची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. त्यांच्यामुळे असंख्य प्राण वाचले आहेत. प्रश्न एवढाच, की सबंध माणूस सोपवायचा कोणाच्या हाती?

या देशात एक जागा अशी आहे, की जिथे सुमारे आठशे माणसांच्या प्रत्येक कुटुंबाला स्वतःचा एक डॉक्टर मिळतो. ते कुटुंब म्हणजे पायदळाची पलटण. आणि हा डॉक्टर पिकल्या केसांचा, अनुभवी गृहस्थ नसतो. तो बहुधा पंचविशीतला तरुण किंवा तरुणी असते. पदवीच्या कागदावरची शाई नुकतीच वाळलेली, खांद्यावर कॅप्टनचे तीन तारे आणि गळ्यात स्टेथोस्कोप. लष्कराच्या भाषेत त्याला रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर म्हणतात. आजचा विषय आहे या पोरवयातल्या डॉक्टरांची पहिली दोन-तीन वर्षे.

विषय नौपाड्याला परका नाही. खाडीपलीकडे कळव्याला ठाणे महापालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. या परिसरातल्या कितीतरी घरांत मुले-मुली नीट परीक्षेच्या तयारीत रात्री जागवत आहेत. त्यांतल्या एखाद्याने एमबीबीएस होऊन 'लष्करात जातो' म्हटले, तर घरात पहिला प्रश्न कोणता निघतो? जिवाच्या धोक्याचा निघेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात बहुतेक घरांत पहिला प्रश्न निघतो तो एमडीचा. "मग पोस्ट ग्रॅज्युएशनचे काय? ती वर्षे वायाच जाणार ना?" विचारणाऱ्या पालकांचा हेतू वाईट नसतो, त्यांचे गणित मात्र चुकते. ज्या वर्षांना आपण वाया गेलेली म्हणतो, त्याच वर्षांत पदवीधराचा डॉक्टर होतो. आणि तो होतो म्हणजे नेमके काय होते, ते पाहण्यासारखे आहे.

या डॉक्टरांची मोठी शाळा आपल्याच राज्यात आहे. डॉ. बिधनचंद्र रॉय यांच्या समितीच्या शिफारशीवरून १ मे १९४८ रोजी पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना झाली. सोलापूर रस्त्यावरून जाताना वानवडीला त्याची वास्तू दिसते. आरंभी तेथे सेवेतल्या डॉक्टरांचे प्रशिक्षण होत असे. बारावी झालेल्या मुलांना घेऊन डॉक्टर घडवणारा पदवी विभाग ४ ऑगस्ट १९६२ रोजी सुरू झाला. तारीख लक्षात घेण्याजोगी आहे. त्यानंतर अडीच महिन्यांनी, २० ऑक्टोबरला, चीनने आक्रमण केले. डिसेंबर २०२३ मध्ये या महाविद्यालयाला राष्ट्रपतींच्या हस्ते राष्ट्रपती निशाण प्रदान झाले. येथे शिक्षणाचे शुल्क नाही. त्याच्या बदल्यात सेवेचा करार आहे.

दुसरी वाट अल्पकालीन सेवेची. कोणत्याही मान्यताप्राप्त महाविद्यालयाचा पदवीधर मुलाखत देऊन आर्मी मेडिकल कोअरमध्ये दाखल होऊ शकतो. पहिली मुदत पाच वर्षांची, पुढे वाढवता येण्याजोगी. सायन, केईएम, नागपूर, मिरज येथे शिकलेल्या मुलांना खुली असलेली वाट हीच.

दोन्ही वाटा लखनौला येऊन मिळतात. तेथे आर्मी मेडिकल कोअरचे केंद्र आहे. या दलाची स्थापना ३ एप्रिल १९४३ ची, आणि ब्रीद 'सर्वे सन्तु निरामयाः'. रुग्णालयात रात्रपाळ्या करून आलेला हा डॉक्टर येथे कवायत करतो, नकाशा वाचतो, होकायंत्र धरून रानात वाट शोधतो. आरंभी त्याला हे सारे हास्यास्पद वाटते. जखमीला कोणत्या घळीतून खाली आणायचे, हेलिकॉप्टर उतरण्याजोगी सपाटी कोठे आहे, पलटणीच्या मदतकेंद्रापासून मागच्या ड्रेसिंग स्टेशनपर्यंत स्ट्रेचर किती तासांत पोहोचेल, हे सगळे वैद्यकशास्त्राच्याच पोटात येते, हे कळायला पहिली नेमणूक व्हावी लागते.

ती होते, आणि सकाळी डॉक्टर एमआय रूममध्ये जाऊन बसतो. मेडिकल इन्स्पेक्शन रूम हे भारदस्त नाव. प्रत्यक्षात कधी बराकीचा एक कोपरा, कधी दगड-मातीची खोली, कधी पत्र्याचा घुमट. एक टेबल, एक खाट, औषधांच्या पेट्या, ऑक्सिजनची नळकांडी आणि दोन-तीन नर्सिंग असिस्टंट. काल-परवापर्यंत हा डॉक्टर हजारभर खाटांच्या रुग्णालयात होता. शंका आली की शेजारी निवासी डॉक्टर, त्याच्यावर व्याख्याता, त्याच्यावर प्राध्यापक. रक्त तपासायला पाठवायचे, क्ष-किरण काढायचा, अहवाल येईपर्यंत थांबायचे. येथे अहवाल नाही, प्राध्यापकही नाही. विचारायचे तर दूरध्वनीवर, तोही लागला तर.

त्याचा पहिला गुरू भेटतो तो बहुधा एमआय रूममधला हवालदारच. वीस वर्षे पलटणीपलटणींतून हिंडलेला, इंग्रजीत रोगांची नावे अडखळत वाचणारा. परंतु कोणत्या जवानाचा चेहरा आज नेहमीसारखा नाही, हे दारातूनच ओळखणारा. नव्या डॉक्टरमध्ये थोडी विनयबुद्धी असेल, तर तो या हवालदाराकडून महिन्याभरात जे शिकतो ते पुस्तकात सापडत नाही. नसेल, तर तेही त्याला लवकरच शिकावे लागते.

'सिक रिपोर्ट' म्हणजे सकाळची रांग. खोकला, ताप, पायाला फोड, खरूज, पाठदुखी. डॉक्टरने प्रत्येकाबाबत जागच्या जागी ठरवायचे: औषध घेऊन कामावर जायचे, एक-दोन दिवस विश्रांती घ्यायची, की रुग्णालयात पाठवायचे. ऐकायला सोपे वाटते. पण दहा किलोमीटरच्या दौडीच्या आदल्या दिवशी पाच जणांची पाठ दुखू लागते, तेव्हा त्यांत बहाणा कोणाचा आणि दुखणे कोणाचे? सगळ्यांना विश्रांती दिली तर पलटणीत हसे होते आणि पुढच्या वेळी रांग दुप्पट होते. सगळ्यांना परत पाठवले, तर त्यांतल्या एकाच्या कण्याची चकती खरोखरच सरकलेली असू शकते. पंचविशीतला मुलगा दोन्ही चुका करतो. ज्याच्यावर त्याने संशय घेतला तो जवान महिन्याने खरोखरच आजारी निघाला, तर ती गोष्ट पलटण विसरत नाही. डॉक्टरही विसरत नाही.

आणि मग केव्हातरी त्याच्या लक्षात येते, की बहाणा आणि आजार यांच्या मधे एक तिसरा प्रांत आहे. पोट दुखते म्हणून चार वेळा आलेल्या शिपायाचे पोट तपासून काही सापडत नाही. पाचव्या वेळी डॉक्टर स्टेथोस्कोप बाजूला ठेवून विचारतो, "घरी सगळे ठीक आहे ना?" आणि बांध फुटतो. गावाकडे भावकीने बांध सरकवला आहे, कोर्टाची तारीख आहे, रजा मिळत नाही. किंवा बायकोचा फोन चार दिवस आलेला नाही. औषध पोटावर द्यायचे नसते. कंपनी कमांडरकडे जाऊन दोन शब्द बोलायचे असतात. नौपाड्यातल्या जुन्या डॉक्टरांना आजोबांच्या दम्याचे जे उमगत असे, ते हेच. फरक इतकाच, की त्यांना त्यासाठी तीस वर्षे मिळाली होती. पलटणीच्या डॉक्टरला तीस आठवडेही मिळत नाहीत. शिवाय हे शिपाई त्याच्या भाषेचे असतीलच असे नाही. पुण्या-ठाण्याचा डॉक्टर गढवाली, डोगरा किंवा मद्रासी पलटणीत जाऊन पडतो. तुटक्या हिंदीत दोघेही बोलतात, आणि 'छातीत कसेतरी होते' या एका वाक्याचा अर्थ लावण्यात अर्धा तास जातो.

येथपर्यंतची कसोटी कौशल्याची. खरी अवघड कसोटी पुढे आहे आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. नागरी जीवनातल्या डॉक्टरचे इमान एकाच ठिकाणी असते: रुग्णापाशी. पलटणीच्या डॉक्टरचे दोन ठिकाणी असते. तो रुग्णाचा डॉक्टर आहे, आणि कमांडिंग ऑफिसरचा वैद्यकीय सल्लागारही आहे. कमांडिंग ऑफिसरला उद्या गस्तीसाठी किती माणसे धडधाकट आहेत, हे विचारण्याचा अधिकार आहे आणि खरे उत्तर मिळण्याचाही. त्या उत्तरावर बाकीच्यांचे प्राण अवलंबून असतात.

लष्करात प्रत्येक सैनिकाची वैद्यकीय श्रेणी असते. 'शेप' या पाच इंग्रजी अक्षरांत ती मांडतात: मन, श्रवण, हातपाय, एकंदर शारीरिक शक्ती आणि दृष्टी. पाचांपैकी एकात जरी उणे निघाले, तरी श्रेणी उतरते. आणि श्रेणी उतरली की बढतीची वाट अरुंद होते. आता समजा, वार्षिक तपासणीत एखाद्या नाईकाचा रक्तदाब वाढलेला निघाला. हवालदारकीची बढती तोंडावर आहे. मुलीचे लग्न ठरते आहे. तो हात जोडून म्हणतो, "साब, इस बार रहने दीजिए." वयाने तो डॉक्टरपेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठा. डॉक्टरने काय करावे? रक्तदाबाचा आकडा एकदा चुकू शकतो, म्हणून पुन्हा पुन्हा मोजावा, हे शास्त्रसंमत आहे. परंतु पुन्हाही तोच आला, तर तो लिहावा लागतो. तो न लिहिता त्या माणसाला पंधरा हजार फुटांवर पाठवले आणि तेथे काही झाले, तर ती दया कोणाच्या कामाची? लिहिणे अपरिहार्य असते. पण लिहिण्यापूर्वी त्याला शेजारी बसवून, आजार म्हणजे गुन्हा नव्हे, औषधाने तो आवाक्यात राहिला तर श्रेणीचा पुनर्विचार होतो, हे समजावून सांगणे डॉक्टरच्या हातात असते. ज्याने हे केले, त्याच्याकडे पुढचा जवान आजार लपवत नाही. ज्याने केले नाही, त्याच्याकडे सगळेच लपवू लागतात, आणि मग त्याची तपासणी निव्वळ कागदी राहते.

एक काम मात्र असे, की त्यात कौतुक मुळीच नाही. लंगरात जाऊन भांडी पाहणे, आचाऱ्यांची नखे तपासणे, पाण्यात क्लोरीन किती टाकायचे ते ठरवणे, डबकी बुजवून घेणे. आठशे माणसे एका चुलीवर जेवतात. एका हंड्याने सगळी पलटण आडवी होऊ शकते. हे काम नीट झाले, की काहीच घडत नाही. आणि काही घडले नाही याबद्दल आजवर कोणाला पदक मिळाल्याचे ऐकिवात नाही.

आता उंचीचे. आपल्याकडे सियाचीन म्हटले की थंडी आठवते. डॉक्टरला थंडीपेक्षा धास्ती असते ती विरळ हवेची. म्हणून नियम घालून दिलेला आहे: नऊ ते बारा हजार फुटांच्या टप्प्यावर सहा दिवस, बारा ते पंधरा हजारांवर चार दिवस आणि त्याहून वर आणखी चार दिवस थांबल्याशिवाय पुढे जायचे नाही. रजेवरून परतलेला जवान मित्रांना भेटण्याच्या घाईत दोन दिवस वाचवू पाहतो, आणि तिसऱ्या रात्री त्याच्या फुप्फुसांत पाणी भरू लागते. खोकला, धाप, निळे पडलेले ओठ, गुलाबी फेस. उपाय खरे तर एकच: खाली उतरवणे. पण रात्री हेलिकॉप्टर उडत नाही, आणि बर्फाचे वादळ असेल तर दिवसाही उडत नाही. मग ऑक्सिजन लावायचा. जवानाला माणूसभर लांबीच्या हवाबंद पिशवीत ठेवायचे आणि पायपंपाने तिच्यातला दाब वाढवत राहायचे, म्हणजे आतल्या माणसापुरते तरी काही हजार फूट खाली उतरल्यासारखे होते. पंप थांबवता येत नाही. आळीपाळीने रात्रभर कोणीतरी तो दाबत असते, आणि पिशवीच्या छोट्या काचेतून डॉक्टर आतल्या छातीची हालचाल मोजत असतो. पहाटेपर्यंत त्याच्याइतका एकटा माणूस त्या पर्वतरांगेत दुसरा नसतो.

हे ज्ञान आकाशातून पडलेले नाही. १९६२ च्या सुमारास पलटणी मैदानातून थेट लडाखमध्ये चढवाव्या लागल्या, तेव्हा ही व्याधी जगातही नीट ओळखलेली नव्हती. पुष्कळदा ती न्यूमोनिया समजली जाई. लेहच्या लष्करी रुग्णालयात काम करणाऱ्या एन. डी. मेनन यांनी अशा १०१ प्रकरणांचा अभ्यास मांडला. तो १९६५ मध्ये अमेरिकेच्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अग्रगण्य नियतकालिकाने छापला. १९६९ मध्ये त्याच नियतकालिकात इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १,९२५ सैनिकांवरील अभ्यास आला. हिमालयात चढणाऱ्या प्रत्येक गिर्यारोहकाला, मग तो युरोपातला का असेना, या लष्करी डॉक्टरांच्या नोंदींचा लाभ झाला आहे. आपल्या शालेय पुस्तकांत त्यांची नावे नाहीत. असायला हवीत.

युद्धात तर पलटणीचा डॉक्टर पलटणीसोबतच असतो. त्याचे मदतकेंद्र तोफांच्या माऱ्याच्या टप्प्यात असते. १९९९ च्या कारगिल युद्धात १३ जम्मू-काश्मीर रायफल्स ही पलटण गाजली. कॅप्टन विक्रम बत्रा आणि रायफलमन संजय कुमार या दोघांना परमवीरचक्र मिळाले. या पलटणीचे डॉक्टर होते कॅप्टन राजेश अढाऊ, एक मराठी तरुण. त्यांना सेना पदक मिळाले. बत्रांची कथा घरोघरी पोहोचली, हे योग्यच झाले. त्या शिखरांवरून खाली आणलेल्या जखमींना ज्याच्या हातांनी प्रथम आधार दिला, त्याचे नाव मात्र आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? आणि त्या मदतकेंद्राचा नियम मोठा कठोर असतो. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार जखमींत आपला-परका हा भेद करायचा नाही. कोणाला आधी हात लावायचा, हे केवळ वैद्यकीय निकडीवरून ठरवायचे. आपल्या पलटणीचा मित्र एका बाजूला आणि ज्याच्या गोळीने तो पडला असेल असा शत्रूचा शिपाई दुसऱ्या बाजूला, अशा वेळी हा नियम पाळणे म्हणजे काय, याची कल्पना ठाण्यात बसून करणे कठीण आहे.

नवखा डॉक्टर रणांगणावर काय होऊ शकतो, याचे महाराष्ट्राला ठाऊक असलेले सर्वांत मोठे उदाहरण मात्र आपल्या सैन्यातले नाही. १९३८ मध्ये, सुभाषचंद्र बोस राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष असताना, जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमध्ये पाच भारतीय डॉक्टरांचे पथक गेले. त्यांत दोघे आपल्या प्रांतातले: नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयातून पदवी घेऊन ते पुढच्या परीक्षेची तयारी करत होते. म्हणजे 'पोस्ट ग्रॅज्युएशनचे काय?' हा प्रश्न त्या घरातही निघाला असणारच! बाकीचे चौघे परतले; कोटणीस तेथेच राहिले, चिनी भाषा शिकले, रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच निवर्तले. ज्या सैन्यात त्यांनी काम केले त्याची विचारसरणी आपल्याला मान्य असण्याचे कारण नाही, आणि त्याच चीनने पुढे वीस वर्षांनी काय केले हेही आपण विसरलेलो नाही. तरी त्या तरुणाच्या सेवेचे मोल त्यामुळे उणे होत नाही.

रणांगणावरून पुन्हा छावणीत येऊ. पलटण शांततेच्या ठाण्यावर आली, की डॉक्टरच्या दारातली रांग बदलते. आता जवानांच्या बायका आणि मुले येतात. कित्येकींचे नवरे सीमेवरच असतात. गरोदरपणाची तपासणी, बाळाचे लसीकरण, दात येतानाचा ताप, रात्री दोन वाजता वाजणारे दार. एकोणीस वर्षांची, पहिल्यांदाच गाव सोडून आलेली मुलगी या डॉक्टरकडे औषधाबरोबरच माहेरचा आधार शोधत असते. युद्धशास्त्रक्रियेची स्वप्ने पाहत आलेल्या तरुणाला हे काम दुय्यम वाटते, असा अनुभव आहे. ते दुय्यम नाही. घरची चिंता मिटलेला शिपाई चौकीवर निराळा उभा राहतो, हे कोणताही कमांडिंग ऑफिसर सांगेल.

येथे डॉक्टर मुलींचा उल्लेख वेगळा करायला हवा. सैन्यात स्त्रियांचा प्रवेश हा विषय अलीकडे चर्चेत आला असला, तरी वैद्यकीय सेवेत त्या पूर्वीपासून आहेत. डॉ. माधुरी कानिटकर पुण्याच्या महाविद्यालयातून शिकून डिसेंबर १९८२ मध्ये सैन्यात दाखल झाल्या. पुढे त्या बालरोगतज्ज्ञ झाल्या, त्याच महाविद्यालयाच्या अधिष्ठाता झाल्या आणि २०२० मध्ये लेफ्टनंट जनरलपदी पोहोचल्या. सेवानिवृत्तीनंतर २०२१ मध्ये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांच्याकडे आले. डिसेंबर २०२३ मध्ये कॅप्टन गीतिका कौल यांची सियाचीनवर नेमणूक झाली. तेथे तैनात झालेल्या त्या पहिल्या महिला वैद्यकीय अधिकारी. म्हणजे वर सांगितलेली पिशवीपाशी जागवलेली रात्र आता कोणाच्याही मुलीच्या वाट्याला येऊ शकते.

आता पालकांच्या गणिताकडे वळावे. त्यात तथ्य नाही असे म्हणणे अप्रामाणिक ठरेल. तीन वर्षे सीमेवर काढून हा डॉक्टर परततो, तेव्हा त्याच्या वर्गातले मित्र एमडी होण्याच्या बेतात असतात. चौकीवर बहुपर्यायी प्रश्नांच्या जाड पुस्तकांचा अभ्यास होत नाही. पुण्याच्या महाविद्यालयात पदव्युत्तर जागांवर सेवेतल्या अधिकाऱ्यांना अग्रक्रम आहे, तरी जागा मोजक्या आणि इच्छुक पुष्कळ. म्हणून अल्पकालीन सेवेतले कितीतरी जण पाच वर्षांनी बाहेर पडतात, आणि बाहेरच्या जगात त्यांच्या त्या पाच वर्षांना कोणत्याही गुणपत्रिकेत रकाना नसतो. ब्रिटनच्या सैन्यात पलटणीचा हा डॉक्टर पुढे रीतसर कुटुंबवैद्यकाचे प्रशिक्षण घेतो, आणि ती तेथे स्वतंत्र विशेष शाखा मानली जाते. आपल्या २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेही कुटुंबवैद्यकातल्या तज्ज्ञांची उणीव नोंदवली होती. नोंद झाली, पण एमबीबीएस म्हणजे एमडीच्या वाटेवरचा थांबा, ही आपली समजूत ढळली नाही. नौपाड्यातल्या दवाखान्यांना कुलपे का लागली, याचे एक उत्तर येथे आहे. फॅमिली डॉक्टर सर्वांना हवा असतो. आपल्या मुलाने मात्र तो होऊ नये, असे आपल्यालाच वाटत असते.

सैन्यात डॉक्टरची बदली ठरलेलीच. नवा कॅप्टन येतो, तेव्हा जुना एक-दोन दिवस थांबतो. औषधांची यादी ताडून पाहिली जाते, ऑक्सिजनची नळकांडी मोजली जातात, सह्या होतात. संध्याकाळी एमआय रूमच्या पायरीवर चहाचे मग घेऊन दोघे बसतात, आणि जुना डॉक्टर जे सांगू लागतो ते कोणत्याही रजिस्टरात नसते. चार्ली कंपनीतल्या त्या नाईकाची पाठ खरेच दुखते, कोणी काही म्हणो. लंगरातल्या एका आचाऱ्याचा खोकला थांबत नाही. थुंकी तपासायला पाठवली आहे, निकाल यायचा आहे. क्वार्टरमधल्या एकीला सातवा महिना आहे, ती बोलत नाही, तिला आपण होऊन विचारायचे. आणि सुभेदार मेजर साहेब रविवारी दुपारी एकटेच रक्तदाब मोजायला येतात; तेव्हा दार लावून घ्यायचे.